वीस पट : भेंडीच्या प्लॉटमधल्या किडी आणि डब्यातले दाणे (प्रकल्प नोंदी)

१६ जून २०२४

मामांनी सासवडच्या रानात दहा गुंठे भेंडी टोकली आहे. बी उगवून आलं. बांधाला सीताफळाची जुनी झाडं आहेत. या प्लॉटवर पावसाळाभर मॅक्रो फोटोग्राफी, म्हणजे बारीक गोष्टींचे अगदी जवळून मोठे फोटो, करायची आणि शेवटी पत्र्याच्या खोलीत भिंतीला लावता येईल असं एक ओळखपत्रक छापायचं, एवढंच काम हाती घेतलं आहे. पत्रकावर पिकाचे शत्रू असतील आणि मित्रकीटकही असतील.

असली पत्रकं आधीपासून आहेत, मामांच्या फोनवर रोज येतात. पण त्यांतला प्रत्येक कीटक चौकटभर मोठा केलेला असतो. फुलकिडा एक मिलिमीटरचा आणि लेडीबर्ड भुंगेरा पाच मिलिमीटरचा, फोटोत मात्र दोघे सारख्याच आकाराचे. ज्यानं आयुष्यात फुलकिडा पाहिलेला नाही त्याला त्या फोटोवरून पानावरचा फुलकिडा कधीच सापडणार नाही, कारण तो बोटाएवढं काहीतरी शोधत बसेल. मॅक्रो लेन्स तपशील देते आणि आकार काढून घेते. माझ्या पत्रकात आकार परत द्यायचा आहे.

म्हणून नियम ठरवला : छापील कागदावर प्रत्येक कीटक बरोबर वीस पट मोठा. एकही फोटो जागा उरली म्हणून वाढवायचा नाही, बसत नाही म्हणून लहान करायचा नाही. आणि शेजारी त्याच वीस पटीत घरातली एखादी ओळखीची वस्तू.

२२ जून

आज मोजमाप. कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा, रुंदी २३.५ मिलिमीटर. लेन्स ९० मिलिमीटरची मॅक्रो, १:१ पर्यंत जाणारी. १:१ म्हणजे २३.५ मिलिमीटरची वस्तू सेन्सरवर तेवढीच उमटते. मला कॅमेऱ्यात २:१, म्हणजे दुप्पट, हवं आहे, म्हणून पुढं रेनॉक्स डीसीआर-२५० हे चिमट्यानं बसणारं भिंग लावलं. स्टीलची अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी समोर धरली आणि चौकटीत डावीकडून उजवीकडे पावणेबारा मिलिमीटर मावतील तिथं फोकस रिंग थांबवली. रिंगवर पांढऱ्या पेन्सिलीनं खूण केली, वर चिकटपट्टी लावली. आता रिंगला हात लावायचा नाही. फोकस करायचा तो अख्खा कॅमेरा पुढं-मागं सरकवून.

हिशोब सोपा आहे. २:१ चा फोटो कागदावर २३५ मिलिमीटर रुंद छापला की सेन्सरपासून कागदापर्यंत दहा पट, एकूण वीस पट. कॅमेरा ६००० पिक्सेल रुंदीचा फोटो देतो, म्हणजे कागदाच्या प्रत्येक मिलिमीटरला पंचवीसहून जास्त पिक्सेल. छपाईला हे भरपूर झालं.

अडचण फोकसच्या खोलीची. २:१ ला एफ/५.६ वर (हे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा वाढला की छिद्र लहान) स्वच्छ दिसणारा थर साधारण ०.१७ मिलिमीटर. माव्याची जाडीही त्याहून कितीतरी जास्त. अॅपर्चर एफ/१६ करून खोली वाढवावी, तर डिफ्रॅक्शननं, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यानं, सगळंच मऊ पडतं, कारण २:१ ला प्रत्यक्षातलं अॅपर्चर आकड्याच्या तिप्पट होतं : एफ/५.६ आधीच एफ/१७ च्या आसपास पोचलेलं असतं. तेव्हा एफ/५.६ वरच थांबायचं आणि थोडं थोडं पुढं सरकत बरेच फोटो काढून ते नंतर एकत्र जोडायचे. याला फोकस स्टॅकिंग म्हणतात. पायरी ०.१ मिलिमीटरची धरली, म्हणजे थर एकमेकांवर चढतील.

३ जुलै

माउलींची पालखी काल दिवे घाट चढून सासवडला आली, आज तिथंच मुक्काम. मामांच्या घरी वारकऱ्यांची पंगत आहे, मामींना श्वास घ्यायला वेळ नाही. रानात जाण्यात अर्थ नव्हता. पुण्यात घरी बसून डबे उघडले.

टेबलावर, रिंगला हात न लावता, एकेक दाणा. पार्श्वभूमीला करडा कागद, दोन बाजूंनी टेबललॅम्प, वर बटर पेपर. इथं वारा नाही, जीव नाही, त्यामुळं स्टॅकिंग निवांत करता आलं.

खसखस : एक मिलिमीटरच्या आसपास. नुसत्या डोळ्यांना ठिपका, २:१ ला मूत्रपिंडाच्या आकाराचा दाणा आणि अंगभर पंचकोनी-षटकोनी जाळी. जाळीच्या कडा उंच, मधले खण खोल. रोजच्या वाटणात जाणारी ही वस्तू इतकी कोरीव असेल असं कोण म्हणेल! मोहरी : दीड ते दोन मिलिमीटर, दुरून गुळगुळीत, जवळून तिच्यावरही बारीक जाळी. राजगिरा : मोहरीहून लहान, चपटा, कडेनं फिरलेली फिकट कड, ती कड म्हणजे बीजाचा अंकुर, दाण्याभोवती गुंडाळलेला. तीळ तीन मिलिमीटर लांब, एका टोकाला निमुळता. ज्वारी चार ते पाच मिलिमीटर, टोकाला काळा ठिपका. मीठही काढलं. मिठाचे घन सुरेख येतात, बऱ्याच घनांच्या मधोमध चौकोनी खळगा असतो. पण मीठ पत्रकावर घेणार नाही. त्याचा दाणा एका मापाचा नसतो.

बॉलपेनचं टोकही काढलं. ०.७ चं पेन म्हणजे टोकावरची गोळी ०.७ मिलिमीटर. हे माप कारखान्यात ठरलेलं, म्हणून भरवशाचं. पितळेच्या कोनात बसलेली गोळी, तिच्यावर शाईचा ओला थर.

एक गोष्ट आठवली. १६६५ साली रॉबर्ट हूकनं सूक्ष्मदर्शकातून पाहिलेल्या गोष्टींचं चित्रमय पुस्तक लंडनमध्ये छापलं. त्यातली पिसू प्रसिद्ध आहे, दुमडून ठेवाव्या लागणाऱ्या मोठ्या पानावरची. पण पुस्तकाची सुरुवात त्यानं सुईच्या टोकापासून केली होती, मग वस्तऱ्याची धार, पुढं कापड. खसखशीचे दाणेही त्यात आहेत. जे वाचकाच्या घरात आहे ते आधी मोठं करून दाखवायचं आणि मग कीटकाकडं न्यायचं, हा क्रम मला फार पटतो. पत्रकात दाण्यांची रांग वर आणि कीटक खाली, हे आज पक्कं केलं.

१४ जुलै

रानात पहाटे पोचले. भेंडी गुडघ्याच्या खाली आहे. पानं उलटी करून बघायला लागलं की पहिल्यांदा सापडतात ते तुडतुडे : फिकट हिरवे, पाचरीसारखे निमुळते, तीन मिलिमीटर, पंखांच्या मागच्या टोकाशी दोन काळे ठिपके. चालतात ते तिरके. हा तिरकेपणा फोटोत येत नाही, पण शेतकऱ्याला ओळखायला तोच सगळ्यात सोपा, म्हणून मजकुरात लिहायचं.

पान वाऱ्यानं हलतं. बांबूची काठी जमिनीत रोवून तिला कपड्यांचा चिमटा बांधला आणि पानाचा देठ त्यात धरला. पान धरायचं नाही, देठ धरायचा, नाहीतर तुडतुडे उडतात. बाकीचं काम फ्लॅशचं. शटर १/२०० सेकंद ठेवलं की सकाळच्या उजेडाचा वाटा जवळजवळ शून्य होतो आणि फोटो घडतो तो फ्लॅशच्या झटक्यात. कमी ताकदीवर हा झटका सेकंदाच्या हजारो भागांपैकी एखादा असतो, त्यामुळं हात हलला तरी चित्र थिजतं.

फ्लॅशचा उजेड मऊ करणाऱ्या डिफ्यूजरवर बराच वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. फ्लॅशपासून लेन्सच्या टोकापर्यंत आतून पांढऱ्या कागदाचं नळकांडं, पुढं बटर पेपरचे दोन थर, त्यांत बोटभर अंतर. दुसरा थर वाकवून कीटकाच्या डोक्यावर छतासारखा आणला. कीटकाला प्रकाशाचा स्रोत केवढा दिसतो, यावर सगळं अवलंबून आहे. उघडा फ्लॅश त्याच्यासाठी लांबचा बल्ब, वाकवलेला कागद म्हणजे अर्धं आकाश.

२१ जुलै

मावा आला आहे. शेंड्याकडच्या कोवळ्या पानांखाली दाटीवाटीनं. खालच्या पानांवर माव्यानं सोडलेला गोड चिकटा चमकतोय, त्यावर मुंग्यांची ये-जा.

मावा स्टॅकिंगला उत्तम. सोंड पानात खुपसून एका जागी बसतो, त्यामुळं दहा-बारा फ्रेम्स घ्यायला वेळ मिळतो. कॅमेरा पोटाशी धरून, श्वास सोडत हळूच पुढं झुकत काढते. रानात कॅमेरा सरकवायची रेल मांडत बसले तर ऊन वर येतं आणि सगळे जागे होतात.

आजचा सगळ्यात मोलाचा फोटो मेलेल्या माव्याचा. हिरव्या-पिवळ्या घोळक्यात मधेच एखादा फुगलेला, कागदी तपकिरी रंगाचा, न हलणारा. परोपजीवी गांधीलमाशीनं त्याच्या आत अंडं घातलं, अळी त्याला आतून खाऊन मोठी झाली, मागं राहिली ती ममी. काही ममींच्या पाठीला कंपासनं कापल्यासारखं गोल भोक असतं. माशी तिथून बाहेर पडून पुढच्या माव्याच्या मागं लागलेली आहे. वीस पटीत ते भोक आणि एका ठिकाणी त्याला अजून लटकलेलं झाकण स्पष्ट दिसतं. फवारणीचा पंप पाठीला लावण्याआधी बघायची गोष्ट कोणती असेल तर ही. पानावर ममी बऱ्याच दिसायला लागल्या की माव्याचा बंदोबस्त चालू झालेला असतो. मामांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवली. म्हणाले, “ह्ये तर रोज दिसतं की. मला वाटायचं औषधानं मेलेला मावा.”

२८ जुलै

दिवसभर पाऊस. घरी स्टॅक जोडले. स्टॅक जोडणाऱ्या झिरीन या सॉफ्टवेअरमध्ये दोन पद्धती वापरते, पीमॅक्स आणि डीमॅप. पीमॅक्स केस, काटे, एकमेकांवरून गेलेल्या मिशा नीट जोडतं, पण नॉइज (फोटोतला दाणेदारपणा) वाढवतं आणि रंग थोडे कडक करतं. डीमॅप रंग जसेच्या तसे ठेवतं, पण मिशी पायावरून गेली की कडेला धूसर प्रभा सोडतं. ओळखपत्रकात रंग खरा असायला हवा, म्हणून अंग डीमॅपचं आणि मिशा-पाय पीमॅक्समधून वर रंगवलेले. रंग वाढवणं, पार्श्वभूमी काळी करणं, पानावरची धूळ पुसणं, यातलं काहीही करायचं नाही. पानाच्या शिरा आणि लव दिसलीच पाहिजे, शेतकरी कीटक पानावरच बघणार आहे.

४ ऑगस्ट

आज लेडीबर्डच्या अळीसाठी गेले होते. शेतकरी तिला ढालकिड्याची अळी म्हणून क्वचितच ओळखतात. अळी म्हटलं की कीड, असं डोक्यात पक्कं असतं. काळपट, लांबट, पाठीवर ओळीनं काटेरी उंचवटे, मधेमधे पिवळसर-नारिंगी डाग, सहा पाय लांब आणि चपळ. लाल-पिवळ्या टोपीसारख्या गोंडस भुंगेऱ्याशी तिचं कुठलंच साम्य नाही. तरी माव्याचा फडशा पाडण्यात ती भुंगेऱ्यापेक्षा कमी नाही. वाढीच्या काळात एकेक अळी शेकड्यांनी मावा खाते.

माव्याच्या घोळक्यात तोंड घालून बसलेली अळी सापडली, सात मिलिमीटरची. खाताना डोकं फारसं हलवत नाही, त्यामुळं थोड्या फ्रेम्सचा स्टॅक मिळाला. माव्याचा एक पाय तिच्या जबड्यातून बाहेर आलेला आहे. त्याच पानाच्या मागं पिवळी, टोकदार, उभी रचलेली अंडी, आणि दुसऱ्या झाडावर कोष, पानाला शेपटीनं चिकटलेला. अंडी, अळी, कोष, भुंगेरा, चारही अवस्था एका सकाळी मिळाल्या.

भुंगेरा मात्र कठीण. त्याचे पंख चकचकीत, त्यांत डिफ्यूजरचं प्रतिबिंब पडतंच. ते टाळता येत नाही; ते मोठं, मऊ कडांचं करायचं, म्हणजे गोलाई दाखवतं आणि नक्षी झाकत नाही. इथला भुंगेरा वाकड्यातिकड्या काळ्या पट्ट्यांचा आहे, सात ठिपक्यांचा नव्हे. पत्रकावर हाच जाईल.

मामा बांधावर बसून चहा घेत होते. लॅपटॉपवर अळी दाखवली.

“ही तर मी गेल्या साली सगळी मारली.”

“मामा, ही मावा खाते.”

बराच वेळ बघत राहिले. माव्याचा तो पाय त्यांनी बोटानं दाखवला. मग म्हणाले, “मग हिला मोठ्ठी छाप. मावा बारका टाकला तरी चालंल.”

हेच मला करायचं नाही, आणि ते का, हे त्यांना समजावून सांगायला मोहरी आणि ज्वारी कामाला आली. मावा मोहरीहून लहान, भुंगेरा ज्वारीएवढा, अळी ज्वारीहून लांब. हे एकदा हाताला कळलं की रानात डोळा आपोआप त्या मापावर जातो. मामींनी तर दाणे बघितल्यावर कीटक न बघताच सांगितलं की खसखशीएवढं जे काही भेंडीच्या फुलात वळवळतं ते त्यांनी पाहिलंय. ते फुलकिडेच.

११ ऑगस्ट

पांढरी माशी. एक मिलिमीटर, पान हललं की ढगासारखी उठते. पंखांवर मेणाची भुकटी असल्यानं फ्लॅश नेहमीच्या ताकदीवर ठेवला तर नुसता पांढरा डाग येतो; ताकद जवळजवळ निम्मी केली तेव्हा पंखांची कौलारू ठेवण आणि खालचं पिवळसर अंग दिसलं. शिरा पिवळ्या पाडणारा व्हायरस भेंडीत हीच पसरवते, त्यामुळं संख्येनं थोडी असली तरी दुर्लक्ष करून चालत नाही. पानाखाली चिकटून बसलेली, पायच नाहीत असं वाटणारी चपटी पिल्लंही काढली.

क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या मित्रकीटकाची अंडी मिळाली. बारीक देठ, टोकाला एक अंडं. देठ माणसाच्या केसाहून बारीक वाटतो. खाली मुंग्या फिरत असल्या तरी अंडं वर सुरक्षित.

१८ ऑगस्ट

बांधावरच्या सीताफळांवर पिठ्या ढेकूण. आणि इथं वीस पटीच्या नियमाचं खरं काम दिसलं.

मामांनी मागच्या हंगामात क्रिप्टोलेमस या मित्रकीटकाचे भुंगेरे आणून सोडले होते. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ साली भारतात आणलेला, पिठ्या ढेकणांवर जगतो. प्रौढ भुंगेरा काळपट, डोकं आणि मागचं टोक तांबूस, चार मिलिमीटर. पण त्याची अळी अंगावर मेणाचे लांब पांढरे धागे वाढवते आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. रंग तोच, पोत तोच, जागाही तीच. चौकटभर मोठे केलेले दोन फोटो शेजारी ठेवले तर शिकलेला माणूसही चुकेल.

एकाच मापात ठेवले की गोंधळ संपतो. पिठ्या ढेकूण तीन-चार मिलिमीटर, तिळाच्या आसपास. क्रिप्टोलेमसची पूर्ण वाढलेली अळी एक सेंटिमीटरहून मोठी. शिवाय ती चालते, ढेकूण बहुतेक बसून असतो. मित्र कोण आणि शत्रू कोण, हे इथं केवळ आकारावरून ठरतं. पत्रकाच्या मधोमध ही जोडी जाईल आणि अळीच कागदाची जास्तीत जास्त जागा खाईल.

पिठ्या ढेकणांबद्दल एक गोष्ट मामांना सांगितली. पपईवरचा पिठ्या ढेकूण भारतात पहिल्यांदा २००८ साली कोइमतूरला सापडला आणि थोड्याच काळात पपईच्या बागांच्या बागा उद्ध्वस्त केल्या. फवारण्यांना तो दाद देईना. २०१० मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय कीटक संस्थेमार्फत अॅसेरोफॅगस पपायी ही चिमुकली परोपजीवी माशी आणून सोडली, आणि तिनं तो आटोक्यात आणला. पपई लावणाऱ्या पुरंदरच्या माणसाला हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

२५ ऑगस्ट

कृषी विज्ञान केंद्रातून ट्रायकोकार्ड आणलं. कार्डावर तांदळावरच्या कॉर्सिरा पतंगाची अंडी चिकटवलेली असतात, एका कार्डावर वीस हजारांच्या घरात. त्यांत ट्रायकोग्रामा या माशीनं आपली अंडी घातलेली. अशी अंडी तीन-चार दिवसांत काळी पडतात, न घातलेली फिकट राहतात. कार्ड विकत घेताना हे बघावं.

ट्रायकोग्रामा अर्धा मिलिमीटर. इथं २:१ पुरत नाही, म्हणून मॅक्रो लेन्स काढून सूक्ष्मदर्शकाचं ४ एक्स ऑब्जेक्टिव्ह नळ्यांवर बसवलं, सेन्सरपासून योग्य अंतरावर. त्याचा न्यूमेरिकल अॅपर्चर ०.१०, म्हणजे स्वच्छ थर जेमतेम ०.०५ मिलिमीटर. कार्ड टेबलावर, कॅमेरा स्टँडला, पायरी तीस मायक्रॉनची (०.०३ मिलिमीटर), साठेक फ्रेम्स. काळ्या अंड्यांचा स्टॅक निर्मळ आला : पृष्ठभागावरची बारीक नक्षी, काही अंड्यांना कडेला कुरतडलेलं छिद्र.

माशा सकाळी बाहेर पडल्या. जिवंत, धावणाऱ्या माशीचा स्टॅक होत नाही, तेव्हा एकेक फोटो. कीटकाला फ्रीजमध्ये ठेवून गोठवणारे लोक आहेत. मी ते करत नाही, आणि ज्या माशा मामा रानात सोडणार आहेत त्यांच्या बाबतीत तर प्रश्नच नाही. एका फोटोत लाल डोळा आणि पंखावरच्या केसांच्या ओळी दोन्ही एका थरात आल्या. ४ एक्सचा फोटो कागदावर पाच पट मोठा केला की पुन्हा वीसच. पत्रकावर ही माशी जेमतेम एक सेंटिमीटर असेल, शेजारी दोन सेंटिमीटरची खसखस.

दुपारी कार्डाचे तुकडे करून भेंडीच्या पानांखाली टाचले. शेंड-फळ पोखरणाऱ्या अळीची अंडी या माशा शोधतील. तोडा एक दिवसाआड चालू आहे. तोडणीच्या पिकात फवारणीशिवाय जेवढं निभावेल तेवढं चांगलं.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले. आज नमुना छापून मामांकडं नेला. ए-३ कागद, मॅट. चकचकीत कागद पत्र्याच्या खोलीत दारातून येणाऱ्या उजेडात वाचता येत नाही.

छापलेल्या माव्यावर पट्टी ठेवून मोजलं. दीड मिलिमीटरचा मावा तीस मिलिमीटर, बरोबर. छापखान्यातल्या मुलानं कागदात बसवण्यासाठी फाइल तीन टक्के लहान करू का विचारलं होतं. नको म्हणाले, समास कमी केला.

प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात खऱ्या आकाराचा काळा ठिपका छापला आहे. ट्रायकोग्रामाचा ठिपका कागदावरच्या धुळीसारखा दिसतो, म्हणून त्याच्याभोवती वर्तुळ काढावं लागलं. मामींनी राजगिऱ्याच्या जागी नाचणी सुचवली. नाचणीही जवळपास त्याच मापाची आणि त्यांच्या हाताला जास्त सवयीची. बदलते.

२२ सप्टेंबर

अंतिम छपाई झाली. वर दाण्यांची रांग : खसखस, मोहरी, नाचणी, तीळ, ज्वारी. शेजारी पेनचं टोक. खाली डावीकडं तुडतुडे, मावा, फुलकिडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण. उजवीकडं माव्याची ममी, ढालकिड्याच्या चार अवस्था, क्रायसोपाची अंडी, क्रिप्टोलेमस, ट्रायकोग्रामा. शास्त्रीय नावं बारीक टाइपात, इथली नावं मोठ्या.

एक जागा रिकामी ठेवली आहे. रब्बीला मामा हरभरा करणार. घाटेअळीवर कँपोलेटिस नावाची परोपजीवी माशी येते. तिचा कोष मेलेल्या अळीच्या कातडीशेजारी हरभऱ्याच्या पानावर सापडतो. डिसेंबरात तो काढायचा, त्याच रिंगवर, त्याच खुणेला. चिकटपट्टी अजून काढलेली नाही.